चर्चची भिंत आणि विहाराची फरशी

मोहने, आंबिवली, वडवली या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत विहाराची बैठक बसली की पहिला विषय ठरलेला असतो. स्लॅब गळतोय, फरशी बदलायची, कमान उभारायची, वर्गणीची पावती कितीची फाडायची. बैठक रात्री उशिरापर्यंत चालते. या वास्तूत कोण येतं, कोण येत नाही आणि सणवार सोडून ती कशासाठी उघडी असते, हा विषय मात्र निघत नाही. तो निघावा म्हणून आज विहाराचा नव्हे, खेड्यातल्या छोट्या चर्चचा इतिहास सांगतो. हा परक्यांचा इतिहास नाही. ती चर्च उभारणारे बहुतेक आपलेच भाऊबंद होते.

अमेरिकन मराठी मिशनचं अहमदनगरमधलं (आजचं अहिल्यानगर) काम १८३१ साली सुरू झालं. शहरात काही ब्राह्मणही ख्रिस्ती झाले, पण खेड्यापाड्यांत बाप्तिस्मा घेणारे प्रामुख्याने महार आणि मांग होते. गावच्या देवळाची पायरी त्यांना बंद होती. त्यामुळे अनेक गावांत चर्चची पहिली 'इमारत' म्हणजे महारांची चावडी किंवा वस्तीतलंच एखादं घर. पुढे मातीच्या भिंतींची एक खोली झाली. आठवडाभर त्या खोलीत पोरं पाटीवर अक्षरं गिरवायची आणि रविवारी तिथेच प्रार्थना व्हायची. पक्क्या भिंती, कौलं, घंटा हे सगळं नंतरचं. त्या वास्तूची पहिली आणि सर्वांत मोठी सुधारणा कौलांची नव्हती, पाटीची होती. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर बंद होतं, त्यांच्यासाठी एक दार उघडलं. नगरमधली फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि त्यानंतर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हेही विसरू नये.

जालन्याजवळचं बेथेल हे दुसरं उदाहरण. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिथे ख्रिस्ती गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना स्वतःचं गाव मिळालं. ही गोष्ट लहान नाही.

पण आंबेडकरी माणसाने इथे थांबायचं नसतं. चिकित्सा करायची असते. १८५४-५५ मध्ये अमेरिकेहून मिशनचे वरिष्ठ रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांनी धोरण दिलं की खेड्यातल्या चर्चला देशी पाद्री असावा, त्याचा खर्च चर्चने हळूहळू स्वतः उचलावा आणि मिशनचा भर इंग्रजी शाळांवर नसावा. पहिला भाग स्वाभिमानाचा होता. शेवटचा भाग मात्र महागात पडला. ज्या इंग्रजीच्या जोरावर वरच्या जाती कचेरीत शिरत होत्या, तिचीच वाट आपल्या पोरांसाठी अरुंद झाली. खोली मिळाली, पण त्या खोलीतून कुठवर जाता येईल हे दुसऱ्यांनी ठरवलं.

आणि जात? महारवाड्याच्या कडेला उभं राहिलेलं चर्च गावाच्या लेखी महारवाड्याचंच राहिलं. दक्षिणेत तर जात थेट बांधकामात शिरली. तामिळनाडूतल्या वडक्कनकुलम इथे १८७२ च्या सुमारास जे कॅथलिक चर्च बांधलं गेलं, त्याला दोन स्वतंत्र लांब दालनं होती. एकात एक जात, दुसऱ्यात दुसरी. वेदी एकच. पाद्र्याला दोन्ही बाजू दिसत, पण दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना दिसत नसत. १९१० साली तिथल्या पाद्र्यांनी हा अडसर काढून टाकला. वरच्या जातीचे लोक कोर्टात गेले, पण वेगळ्या जागेचा हक्क मद्रास हायकोर्टातही टिकला नाही. त्या चर्चच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जे बांधलं ते नव्हे, जे पाडलं ते.

ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांनी स्वतंत्र लिखाण केलं आहे. धर्म बदलला तरी चर्चमध्ये बसायची जागा बदलत नसेल, तर त्या धर्मांतराने काय साधलं, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यावर आणखी एक भिंत चढवली. अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. एकाच आज्याची नातवंडं, एक विहारात, एक चर्चमध्ये. जात दोघांचीही विचारली जाते, दाखला मात्र एकालाच मिळतो.

आता परत आपल्या कल्याणकडे या. सहाव्या शतकात कॉसमस नावाच्या प्रवाशाने 'कल्लिआना' इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं. अभ्यासक ते ठिकाण म्हणजे हेच कल्याण मानतात. त्याच्याही कित्येक शतकं आधी कल्याणच्या माणसांनी कान्हेरीच्या लेण्यांना दानं दिली. त्यात व्यापारी आहेत, तसे सोनार आणि लोहारही आहेत. कुणी पाण्याचं टाकं दिलं, कुणी वाट करून दिली. घाम गाळणाऱ्याचं नाव दगडावर आलं. आणि दिलेल्या वस्तू बघा. कमान नाही. पाणी आणि वाट, म्हणजे येणाऱ्याच्या कामी येणाऱ्या गोष्टी.

म्हणून पुढच्या बैठकीत फरशीच्या आधी तीन प्रश्न विचारा. जागेचे कागद कुणाच्या नावावर आहेत, समाजाच्या की एखाद्या नेत्याच्या? सोमवार ते शनिवार विहारात अभ्यासिका चालते की कुलूप असतं? आणि वस्तीतला मातंग, चर्मकार, ख्रिस्ती झालेला चुलतभाऊ त्या दारातून बिनधास्त आत येतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर वडक्कनकुलमची ती भिंत आपल्याही विहारात उभी आहे. आधी ती पाडा. फरशी नंतर बसवू.

जय भीम!