माळव्यातील डेरे आणि राहुट्या

धारहून गुजराथकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सरदारपुराच्या शेजारी आणि मही नदीच्या उगमाच्या मुलखात, राजगढ नावाचे एक बाजाराचे गाव आहे. पुण्यानजीकचा शिवछत्रपतींचा राजगड तो हा नव्हे, आणि भोपाळच्या वायव्येस याच नावाचा जो स्वतंत्र जिल्हा आहे त्याच्याशीही याचा संबंध नाही. जैन यात्रेकरूंना ते मोहनखेडा तीर्थामुळे ठाऊक आहे, आणि ‘अभिधान राजेंद्र’ हा प्रचंड कोश रचणारे आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली याच गावी कालवश झाले, एवढी त्याची ख्याती. मराठी वाचकाला मात्र या टापूचे अगत्य निराळ्या कारणाने असावयास हवे. येथून काही कोसांवरच अमझेरे आहे, जेथे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी, नर्मदा उतरून आणि विंध्याचा घाट चढून अनपेक्षितपणे आलेल्या चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर यांना रणांगणावर ठार केले, आणि ज्या प्रांतात मराठे तोवर चौथाईसाठी येऊन परत जात असत तेथे त्यांच्या मुक्कामाला कायमचे स्वरूप येऊ लागले. फौजेच्या मुक्कामामागोमाग संसार येतो, आणि संसार आला की डेऱ्याचा प्रश्न येतोच.

हा प्रश्न आज वेष पालटून पुन्हा घरोघर आला आहे. मांडवगडच्या परिसरात किंवा नर्मदेच्या काठी हिवाळ्याचे चार दिवस उघड्या रानात घालवू इच्छिणारे कुटुंब दुकानात जाते, आणि सर्वांना एकत्र राहता यावे म्हणून त्यातल्या त्यात मोठा तंबू दाखवा, अशी मागणी करते. मागणीत गैर काही नाही. परंतु या निवडीचा पूर्वेतिहास चाळू लागले असता एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते, ती अशी की, ज्या लोकांनी या देशात पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या छपराखाली संसार केले, त्यांनी अवाढव्य डेरा उभारला तो दरबारासाठी. निजावयास ते लहान राहुटीतच गेले.

अबुल फझलाने ‘आईने अकबरी’त बादशाही फरासखान्याचे, म्हणजे डेऱ्यातंबूंच्या खात्याचे, जे वर्णन करून ठेवले आहे ते या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. बारगाह नावाच्या सर्वांत मोठ्या डेऱ्याखाली दहा हजारांहून अधिक माणसे मावत, आणि तो उभा करावयास एक हजार फरासांना यंत्रांच्या साहाय्यानेही आठवडा लागे. एका मुक्कामाच्या सामानाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० मजूर अशी वाहतूक लागे. हे आकडे वाचून छाती दडपते. पण त्याच ग्रंथात जनानखान्याची व्यवस्थाही सांगितली आहे, आणि तेथे बारगाहीचे नावही नाही. तेथे आहेत चोवीस लाकडी सांगाड्याच्या राहुट्या, प्रत्येक दहा गज लांब आणि सहा गज रुंद, आणि दोन राहुट्यांमध्ये एकेक कनात. पृथ्वीपती म्हणविणाऱ्याच्या घरातील माणसेही, म्हणजे, आजच्या दोन खोल्यांच्या जागेएवढ्या आडोशात राहत होती, आणि त्यांच्या एकत्रपणाची हमी छप्पर देत नसे, तर भोवती फिरवलेला सरापडदा देत असे.

जहांगीर बादशहा १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेराहून निघून पुढील मार्चात मांडवगडास पोहोचला, त्या प्रवासात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्याच्या मागोमाग होता. सुमारे वीस मैलांच्या घेराचे ते कापडी नगर चार तासांत वसलेले पाहून तो थक्क झाला, आणि ज्या बड्या सरदारांपाशी डेऱ्यांचे दोन संच असत त्यांचा त्याने मुद्दाम उल्लेख केला आहे. यातील मर्म दोन संचांत आहे. एक संच पाठीमागे उभा असता दुसरा आदल्या रात्रीच पुढील मुक्कामाला रवाना होई, त्यास पेशखाना म्हणत. त्यामुळे वाटचाल करून दमलेल्या माणसाला मेखा ठोकणाऱ्यांची वाट पाहत उन्हात बसावे लागत नसे. ज्याच्यापाशी एकच संच, त्याने तो लहान ठेवावा हे तर्काने येतेच.

मराठी राज्यात जे अठरा कारखाने गणले जात त्यांत फरासखाना होता आणि उष्ट्रखाना, म्हणजे उंटांचे खाते, हाही होता, आणि या दोहोंचा हिशेब परस्परांवाचून लागत नसे. पुण्यात बुधवार पेठेतील पोलीस ठाण्याला आजही फरासखाना म्हणतात. तेथे तक्रार नोंदवावयास जाणाऱ्याच्या मनात पेशव्यांच्या डेऱ्यांचा विचार येण्याचे अर्थातच कारण नाही. तळाची मांडणी कशी होई हे दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत नोंदवले आहे. बिनीवाला पुढे जाऊन जागा मुक्रर करी आणि महाराजांच्या डेऱ्यांसाठी एक लहान पांढरे निशाण रोवी. या डेऱ्यांच्या समूहाला देवडी म्हणत. मागोमाग एकेका बाजाराची झेंडी आपापल्या ठरलेल्या जागी लागे, दुकानांच्या दोन समांतर रांगांतून तीन-चार मैल लांबीचा एकच हमरस्ता तयार होई, आणि मुक्काम कोठेही पडला तरी प्रत्येक पथकाची जागा देवडीपासून त्याच दिशेला असल्यामुळे नवख्या माळरानावरही माणसाला आपले बिऱ्हाड अंधारात सापडे. पुढे हीच छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली १८१० साली स्थिरावली आणि तिचे शहर झाले. त्यास लष्कर हेच नाव राहिले.

या तळावर बायकामुले असत, हे आपण लढायांचा इतिहास वाचताना विसरतो. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने पडला, तेव्हा अहल्याबाई छावणीतच होत्या, आणि सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त केले ते तेथेच. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंसमवेत पार्वतीबाई होत्या, आणि यात्रेच्या निमित्ताने निघालेली असंख्य माणसे होती. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात भाऊंच्या लष्कराचे रेशमी अस्तरांचे उंच डेरे आणि दुरून चमकणारे त्यांचे सोनेरी कळस रंगवून सांगितले आहेत, आणि तेव्हापासून डेऱ्यांच्या थाटाने पानिपत बुडवले असे म्हणण्याची एक सोयीस्कर पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. सूरजमल जाटाने जड सामान आणि कुटुंबे मागे ठेवण्याचा सल्ला दिला होता व मल्हारराव होळकर त्यास अनुकूल होते, हे खरे; परंतु डेरा जाळता येतो, टाकून देता येतो, माणसे टाकता येत नाहीत. १७६० च्या डिसेंबरात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि तो मार्ग तुटला, तेव्हा भाऊंना अडचण झाली ती खाणाऱ्या तोंडांची, कळसांची नव्हे. धारचे यशवंतराव पवार त्या रणात पडले.

धारचाच दुसरा दाखला अधिक बोलका आहे. १७७४ साली बारभाईंशी झगडत रघुनाथराव उत्तरेकडे सरकत असता आनंदीबाई गरोदर होत्या. त्यांना त्याने तंबूतून तंबूत न नेता धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयाला ठेविले, आणि १७७५ च्या जानेवारीत तेथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. कापडी घराची मर्यादा त्या काळच्या लोकांना किती नेमकी ठाऊक होती, हे यावरून दिसते. याउलट त्याच माळव्यातून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून वर्षानुवर्षे हिंडत. त्यांच्या बायका पालाखाली बाळंत होत, गोण्यांची थप्पी हीच भिंत, आणि त्यांच्या पालाचा आकार बैलाच्या पाठीने ठरवलेला असे. सहकुटुंब रानात राहण्याच्या विद्येत सरदारांपेक्षा त्यांचा अधिकार मोठा होता, परंतु बखरी त्यांच्यासाठी लिहिल्या गेल्या नाहीत.

आता थोडे कापडाविषयी आणि मातीविषयी. डेऱ्याला बाहेरून जाड दुसुती आणि आतून रंगीत अस्तर लावीत, आणि तांबड्या अस्तराला खारवा वापरीत. माळव्यात हा तांबडा रंग आलीच्या मुळांपासून काढीत; आल हे या प्रांतातील मोठे पीक होते, तिची मुळे खणून काढण्याजोगी व्हावयास तीनएक वर्षे लागत, आणि इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने माळव्याच्या उत्पन्नात तिचा समावेश केला आहे. जर्मनीत १८६८ च्या सुमारास कृत्रिम अलिझरिन सिद्ध झाले आणि पुढील काही दशकांत आलीची शेती नामशेष झाली. राजगढच्या दक्षिणेस बाग येथील खत्री छपाईदार आज जो तांबडा रंग साधतात तो अलिझरिनचाच. त्या सुबक कापडांविषयी तक्रार करण्याजोगे त्यात काही नाही. अस्तराचे काम केवळ शोभेचे नसे. दोन कापडांमध्ये हाताचे अंतर ठेवले की वरचे ऊन खाते आणि खालचे थंड राहते, पाऊस वरून ओघळतो आणि आतले कापड कोरडे राहते. उत्तम डेऱ्याची परीक्षा त्याच्या दुहेरी छपरावरून होई, लांबीरुंदीवरून नव्हे.

आणि माती तर काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा मेख भेगेत सैल राहते; पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होते, तेव्हा मेख वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर उपटून येते. डेरा जितका मोठा तितका तणाव्यांवरचा ओढा मोठा, आणि वादळात सर्वांत आधी कोसळतो तो उंच खांबाचा. पावसाळ्यात छावणी करून राहण्याचा जो मराठी प्रघात होता, त्यात फौजा गवताची छपरे आणि कुडाच्या भिंती उभारीत, यामागे पैशाची बचत तर होतीच, पण ही मातीही होती.

इंग्रजी अंमल आला, त्याचा करारही डेऱ्यातच झाला: होळकरांचा मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ रोजी माल्कमच्या छावणीत ठरला. पुढे हिवाळी दौऱ्यावर निघणारे साहेब मडमांना व मुलांना बरोबर घेत, आणि पेशखान्याची जुनी युक्ती त्यांनी निमूटपणे उचलली. तंबू मात्र आता कारखान्यांतून येऊ लागले. जबलपुरास १८३७ साली उद्योगशाळा निघाली, तेथे माफीचे साक्षीदार झालेले ठग तंबू आणि सतरंज्या विणीत; वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या हातांनी वाटसरूंचे निवारे शिवावेत, हा दैवाचा खेळ त्या काळच्या इंग्रज लेखकांनाही विलक्षण वाटे. नंतर कानपूरच्या गिरण्यांनी हा व्यापार काबीज केला. लष्करी तंबूंना ४० पौंडी, ८० पौंडी, १८० पौंडी अशी वजनावरून नावे होती. आत किती माणसे मावतात हा प्रश्न दुय्यम, तो वाहून कोण नेणार हा पहिला.

या साऱ्या परंपरेचा एक जिवंत अवशेष महाराष्ट्रात दरवर्षी आषाढात दिसतो. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरास सरदार होते. मुलखाकडे परत येत असता वाटेत भिल्लांनी त्यांना पकडून ठेवले व हरिपाठामुळे त्यांची सुटका झाली, अशी कथा सांगतात. छावणीत मुरलेल्या या माणसाने दिंड्यांचा क्रम आणि त्यांच्या जागा लष्कराप्रमाणे लावून दिल्या, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींसाठी घोडे आणि तंबू आले. ती सेवा अद्याप चालू आहे. आजही दिंडीची मालमोटार सकाळी पुढे जाते, वारकरी पोहोचण्याआधी राहुट्या उभ्या राहतात, आणि बहुतेक मोठ्या दिंड्यांत मोठे छत कीर्तनाला व पंगतीला, निजावयास राहुट्या, अशी वाटणी आढळते. ब्रॉटनने पाहिलेली झेंडी आणि देवडी यांची मांडणी, तरवारी वजा करून, माळशिरसच्या वाटेवर आजही ओळखू येते.

तेव्हा दुकानातल्या कुटुंबाकडे परत यावयाचे तर, उंटाची जागा मोटारीच्या डिकीने घेतली आहे आणि दुसुतीची पॉलिस्टरने, एवढाच फरक. आठ माणसांचा म्हणून जो तंबू विकतात त्यात आठ माणसे निजतात ती खांद्याला खांदा लावून, आणि त्यांच्या पिशव्या, चपला व पाण्याचा हंडा बाहेर राहतो; हा हिशेब कारखानदार सांगतात त्याच्या सुमारे निम्म्याने धरावा. एकेरी कापडाचा तंबू कितीही प्रशस्त असला तरी पहाटे माणसांच्या श्वासाची वाफ आतून ठिबकू लागते, म्हणून वरचे छत निराळे आहे की नाही हे आधी पाहावे. घरात आजी-आजोबा आणि तान्हे मूल असेल, कोणी नवाला निजणारे आणि कोणी बाराला, तर मला स्वतःला एका दिवाणखान्यापेक्षा समोरासमोर लावलेल्या दोन मध्यम राहुट्या आणि त्यांमध्ये ताणलेले एक पाल हीच व्यवस्था बरी वाटते. ज्यांना एकच मोठा हवा असेल त्यांनी आत आडपडदा बांधावयास कड्या आहेत का, हे पाहून घ्यावे. आणि मुक्काम धार-राजगढकडे असेल तर लांब मेखा वेगळ्या मागाव्यात. तंबूबरोबर मिळतात त्या वीतभर ॲल्युमिनियमच्या काड्या काळ्या मातीत एक सर पडेपर्यंतच टिकतात.