५१२ बाइटची सत्ता : दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम काढताना लॅपटॉप का अडतो?

१/ लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स घातलेले असते. पुढे ते नकोसे होते आणि त्याचे पार्टिशन पुसून टाकले जाते. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर मात्र विंडोजही उघडत नाही. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटतात. विंडोजच्या एकाही फाइलला धक्का लागलेला नसतो. मग वाट अडली कुठे? या प्रश्नाचे मूळ १९८३ सालात आहे.

२/ मार्च १९८३ मध्ये आयबीएमने 'पीसी एक्सटी' हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि सोबत पीसी-डॉस २.० ही ऑपरेटिंग सिस्टीम. एकाच डिस्कचे भाग पाडून त्यांवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम नांदू शकतील, अशी तरतूद तेव्हाच झाली. तिच्यासाठी डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर राखून ठेवण्यात आला. तोच 'मास्टर बूट रेकॉर्ड'.

३/ या ५१२ बाइटची वाटणी लक्षणीय आहे. ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी (प्रत्येकी १६) आणि उरलेले २ ओळखखुणेसाठी. संगणक सुरू होताच बायोस हा सेक्टर वाचतो आणि त्यातील प्रोग्रामच्या हाती सूत्रे देतो. डिस्कवर घरे चार. द्वारपाल मात्र एकच. पुढील सर्व संघर्षाचे बीज इथे आहे.

४/ १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिनक्सचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी वर्नर आल्मेसबर्गर यांचा 'लिलो' हा बूटलोडर आला. पहिल्या सेक्टरवर ताबा मिळवण्यापूर्वी लिलो जुन्या सेक्टरची प्रत जपून ठेवी आणि एका आज्ञेसरशी ती परत जागेवर बसवता येई. पण ही प्रत लिनक्सच्याच पार्टिशनमध्ये असे. लिनक्स आधी पुसले, तर परतीची वाटही त्यासोबत पुसली जाई.

५/ तोडगा मायक्रोसॉफ्टच्या बाजूलाही होता. १९९१च्या एमएस-डॉस ५.० मधील 'एफडिस्क' या साधनात पहिल्या सेक्टरमधील प्रोग्राम नव्याने लिहिणारी एक आज्ञा होती. अधिकृत माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. ती तोंडोतोंडी पसरली. पहिल्या सेक्टरमध्ये ठाण मांडणारे 'स्टोन्ड'सारखे व्हायरस याच आज्ञेने हटवले जात, आणि लिलोसुद्धा. व्हायरस कोणता आणि वापरकर्त्याने स्वेच्छेने नेमलेला द्वारपाल कोणता, हा भेद त्या आज्ञेला ठाऊक नव्हता.

६/ १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी 'ग्रब' लिहायला घेतला. ४४६ बाइटमध्ये मावणे अशक्य, म्हणून त्याचे तुकडे करण्यात आले : पहिला तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये, उरलेला पसारा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन पुसले की द्वारपाल दारात उभा राहतो, पण त्याच्या किल्ल्या नाहीशा झालेल्या असतात. 'ग्रब रेस्क्यू' म्हणजे नेमकी हीच अवस्था.

७/ उलट दिशेनेही हेच घडे. विंडोज पुन्हा टाकताना तिचा इन्स्टॉलर पहिला सेक्टर न विचारता आपल्या नावे करी आणि शेजारचे लिनक्स शाबूत असूनही दिसेनासे होई. हा प्रश्न केवळ तंत्राचा नव्हता, हे 'बीओएस'च्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

८/ ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या 'बी' कंपनीची ही ऑपरेटिंग सिस्टीम. जपानच्या हिताचीने 'फ्लोरा प्रियस' संगणकांवर विंडोजसोबत ती भरून दिली. परंतु सुरू होताना निवड करण्याचा पर्यायच ग्राहकाला दिसत नसे. मायक्रोसॉफ्टच्या परवाना-अटींमुळे उत्पादकांचे हात बांधले गेले, असा 'बी'चा आरोप होता. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता 'पाम'ने विकत घेतली. २००२ मध्ये 'बी'ने खटला भरला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने गैरकृत्य मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला.

९/ २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'यूईएफआय' ही नवी व्यवस्था घरोघरी पोहोचली. आता प्रत्येक सिस्टीमच्या बूटलोडरला एका सामायिक छोट्या पार्टिशनमध्ये स्वतंत्र फोल्डर मिळते आणि कोणाला आधी बोलवायचे, याचा क्रम मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदला जातो. एका जागेसाठीचे भांडण संपले, अग्रक्रमाचे उरले.

१०/ म्हणूनच आजही काढण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी आणि डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की हाताशी असावी. मग फर्मवेअरच्या यादीत विंडोजला पहिले स्थान देऊन ती थेट उघडते, याची खात्री करावी. लिनक्सची पार्टिशने त्यानंतरच पुसावीत. सामायिक बूट पार्टिशनला हात लावू नये. विंडोजची वाटही तेथूनच जाते. जुन्या, बायोसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर विंडोजच्या दुरुस्ती डिस्कमधील 'बूटरेक' हे साधन पहिला सेक्टर पूर्ववत करते.

११/ 'मूळ ऑपरेटिंग सिस्टीम' हा शब्दप्रयोग सहज केला जातो. यंत्राला मात्र मूळ आणि उपरे असा भेद कळत नाही. पहिल्या जागी जे लिहिलेले असेल, त्याचाच हुकूम ते पाळते. कारखान्यातून निघताना तिथे काय लिहिलेले असावे, हे अभियंत्यांइतकेच करारनाम्यांनीही ठरवले. ग्राहकाने दुसरी सिस्टीम घातली काय किंवा काढली काय, तो त्या जागेवर आपला हक्क बजावत असतो. हा हक्क बजावताना घर मोडण्याआधी दाराची व्यवस्था लावावी, एवढेच हा चाळीस वर्षांचा इतिहास सांगतो.