विक्तोर तिखोनोव: पदकं मोजताना न मोजलेली माणसं

ऑलिम्पिक संपलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "रशिया-चीनसारखं करा हो. पोरांना लहानपणीच उचला, लष्कराच्या ताब्यात द्या, मग बघा पदकं कशी येतात ते!" टपरीवर ऐकलंय, टीव्हीच्या चर्चेतही ऐकलंय. म्हणून आज अशा एका माणसाबद्दल लिहितोय, ज्यानं ही पद्धत सगळ्यात यशस्वीपणे राबवली. विक्तोर तिखोनोव. खेळ आइस हॉकी. आपली हॉकी नव्हे, बर्फावरची.

जन्म 1930, मॉस्को. वडील युद्धात गेले. पोरवयातच बस डेपोत मेकॅनिकचं काम. 1949 मध्ये तिखोनोव सोव्हिएत हवाई दलाच्या क्लबात खेळायला लागले. या क्लबाचा कर्ताधर्ता होता जनरल वासिली स्टालिन, म्हणजे त्या स्टालिनचा मुलगा. त्याला हवा तो खेळाडू त्याच्याकडे यायचा, विचारणार कोण? 5 जानेवारी 1950 ला या संघाचं विमान स्वेर्दलोव्स्कजवळ कोसळलं. 11 खेळाडू गेले. तरुण तिखोनोव त्या विमानात नव्हते. वर्तमानपत्रांत बातमी आली नाही. वासिलीनं नवे खेळाडू गोळा करून संघ पुन्हा उभा केला आणि स्पर्धा पुढे सुरू राहिली. 1951, 1952, 1953 अशी सलग तीन वर्षं याच क्लबानं सोव्हिएत लीग जिंकली!

मग 1953 मध्ये मोठा स्टालिन वारला, धाकटा तुरुंगात गेला आणि चॅम्पियन क्लब गुंडाळला गेला. तिखोनोव डायनामो मॉस्कोकडे गेले. हा क्लब पोलीस आणि गुप्तहेर खात्याचा. म्हणजे एका गणवेशाकडून दुसऱ्या गणवेशाकडे. बचावपटू म्हणून दहा वर्षं तिथं काढली. खेळाडू चांगले होते, महान नव्हते. ऑलिम्पिक एकदाही खेळले नाहीत.

खरा माणूस दिसला तो 1968 नंतर, लाटव्हियातल्या रिगा शहरात. तिथला डायनामो संघ खालच्या गटात धडपडत होता. तिखोनोवनी 1973 पर्यंत त्याला पहिल्या गटात आणून बसवलं. कसं? आइस हॉकीत गोलकीपर सोडून पाच जण बर्फावर असतात आणि हे पाच जण मिनिटभरात दमतात, मग दुसरे पाच उतरतात. त्या काळी बहुतेक संघ अशा तीन तुकड्यांवर सामना काढायचे. तिखोनोवनी चार तुकड्या फिरवायला सुरुवात केली. प्रत्येकाला थोडा वेळ, पण त्या वेळात पूर्ण जोर. समोरचा संघ शेवटच्या सत्रात धापा टाकायचा. आज जगभर हेच चालतं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

1976 आणि 1977 असं दोनदा विश्वविजेतेपद हुकलं तेव्हा सोव्हिएत साहेब लोकांनी तिखोनोवना मॉस्कोला बोलावलं. राष्ट्रीय संघ आणि सीएसकेए, म्हणजे थेट लाल सैन्याचा क्लब, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. इथून पुढचे आकडे डोळे फिरवणारे आहेत. 1978 ते 1989, ओळीनं बारा लीग विजेतेपदं. आठ विश्वविजेतेपदं. तीन ऑलिम्पिक सुवर्णं. 1981 च्या कॅनडा कपच्या अंतिम सामन्यात कॅनडाला कॅनडातच 8-1!

यात एकच मोठा डाग, फेब्रुवारी 1980, लेक प्लॅसिड. समोर अमेरिकेची कॉलेजची पोरं. याच पोरांना जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये 10-3 नं धुतलं होतं. पहिलं सत्र संपायला एक सेकंद असताना अमेरिकेनं बरोबरी साधली, 2-2. चिडलेल्या तिखोनोवनी गोलकीपर व्लादिस्लाव त्रेत्याकला बाहेर बसवलं. तेव्हाचा जगातला सर्वोत्तम गोलकीपर, बरं का. सामना 4-3 नं गेला. नंतर त्यांनी स्वतःच ही आपली सगळ्यात मोठी चूक म्हणून मान्य केली. (त्याच वर्षी मॉस्कोत आपण आपल्या हॉकीचं आठवं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर आजतागायत नाही.)

आता आकड्यांच्या मागे काय होतं ते बघू. सीएसकेएत आलेला खेळाडू कागदोपत्री सैनिक, आणि सैनिकाला नाही म्हणता येत नाही. रिगाचा स्टार हेल्मुत्स बाल्देरिस असाच मॉस्कोत आणला गेला, त्याची इच्छा नसताना. मॉस्कोबाहेर आर्खांगेल्स्कोये इथं तळ होता. वर्षातले दहा-अकरा महिने संघ तिथं. बायको-मुलं वीस-पंचवीस किलोमीटरवर आणि घरी जायची परवानगी अधूनमधून. आंद्रेई खोमुतोवचे वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हाही त्याला सोडलं नाही, असं त्याचे सहकारी नंतर सांगत आले. त्रेत्याकनं 1984 मध्ये विनंती केली, मी घरी राहतो, सराव आणि सामन्यांना येतो. उत्तर नाही असं आलं. बत्तिसाव्या वर्षी त्यानं खेळ सोडला. सोडा म्हणणारं कुणी नव्हतं, फक्त घरी झोपू द्या एवढंच मागणं होतं.

ही शिस्त नाही. ही मालकी आहे. आणि मला राहून राहून वाटतं, की तिखोनोवना यात काही गैर वाटलं नसणार, कारण ते स्वतः जनरलच्या मर्जीवर चालणाऱ्या संघात वाढले होते.

गोर्बाचोव यांच्या काळात झाकण उडालं. 1988 च्या शरदात 'ओगोन्योक' साप्ताहिकात इगोर लारिओनोवचं उघडं पत्र छापून आलं. संघातला तो सगळ्यात बुद्धिमान खेळाडू. त्यानं तिखोनोवच्या हुकूमशाहीवर नाव घेऊन लिहिलं. कर्णधार व्याचेस्लाव फेतिसोवला अमेरिकेत खेळायला सोडण्याचं वचन दिलं होतं, ते मोडलं. त्यानंही वर्तमानपत्रातून जाहीर केलं, या माणसाच्या हाताखाली मी खेळणार नाही. त्याला बाहेर काढलं. मग त्याचे साथीदार टीव्हीवर येऊन म्हणाले, फेतिसोव नसेल तर आम्हीही नाही. 1989 ची विश्वस्पर्धा तोंडावर होती, शेवटी साहेब नमले. फेतिसोव परत आला आणि संघानं स्टॉकहोममध्ये सुवर्ण जिंकलं. त्याच विजयानंतर वीस वर्षांचा अलेक्सांदर मोगिल्नी सटकला तो थेट अमेरिकेत पोचला. त्याच वर्षी फेतिसोव, लारिओनोव, माकारोव, क्रुतोव, सगळे कायदेशीर मार्गानं गेले. पगारातला मोठा हिस्सा सरकारला देण्याची अट फेतिसोवनं धुडकावली.

ज्यांना वाटतं की कोंडून ठेवलं म्हणूनच पदकं आली, त्यांनी पुढचं वाचावं. 1992, आल्बेर्व्हिल ऑलिम्पिक. सोव्हिएत युनियन शिल्लक नाही. झेंडा ऑलिम्पिकचा, गाणंही ऑलिम्पिकचंच. मोठी नावं परदेशात. तिखोनोवनी बहुतांशी कोवळी पोरं घेतली, सोबत स्वित्झर्लंडमध्ये खेळणारे बिकोव आणि तोच खोमुतोव. अंतिम सामन्यात कॅनडा 3-1 नं हरला. ज्या राज्याच्या नावानं पोरांना कोंडलं ते राज्यच उरलं नव्हतं, तरी सुवर्ण आलं! मग इतकी वर्षं कुलूप कशासाठी होतं?

1994 ला चौथा क्रमांक, पदक नाही. 1997 मध्ये डेट्रॉईटनं अमेरिकेचा स्टॅनली कप जिंकला तेव्हा फेतिसोव आणि लारिओनोव तो चषक घेऊन मॉस्कोच्या लाल चौकात उभे होते. 2002 पासून फेतिसोव रशियाच्या क्रीडा खात्याचा प्रमुख झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, 2004 च्या विश्वस्पर्धेसाठी, त्र्याहत्तर वर्षांच्या तिखोनोवकडे राष्ट्रीय संघ पुन्हा सोपवला गेला. रशिया दहावा आला.

तिखोनोव नोव्हेंबर 2014 मध्ये गेले. त्याच वर्षी मे महिन्यात रशियानं मिन्स्कमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं होतं आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूचं नाव होतं विक्तोर तिखोनोव. त्यांचा नातू. त्याचं बालपण कॅलिफोर्नियात गेलं, तिथल्या संघात त्याचे वडील सहायक प्रशिक्षक होते.