काचेवरच्या वाकड्या रेघा

ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा व्हर्नियर वाचताना कंटाळणारी बीएस्सीची मुलं मी नोकरीभर पाहिली. त्यांना सांगायचो, खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनीही असल्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दीर्घिकांची वजनं काढली. मुलांना ती मास्तरांची थाप वाटे.

रीत तशी सरळ: फिरण्याचा वेग मोजायचा, त्यावरून वजन काढायचं. दुर्बिणीच्या वर्णपटमापकाची फट दीर्घिकेच्या लांबट बाजूच्या दिशेने धरायची. फिरताना जी कड आपल्याकडे येते, तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात; दूर जाणारीच्या तांबड्याकडे. हायड्रोजनची लाल रेषा 6563 अँगस्ट्रॉमला असते. सेकंदाला 200 किलोमीटर वेग असला, तर ती जेमतेम साडेचार अँगस्ट्रॉम हलते. काचेच्या प्लेटवर हे अंतर मिलिमीटरचा अंश! 1917 च्या सुमारास माउंट विल्सनवर फ्रान्सिस पीज यांनी देवयानी दीर्घिकेच्या नुसत्या गाभ्याच्या वर्णपटासाठी कित्येक रात्री मिळून ऐंशीएक तास प्रकाश गोळा केला होता. रुबिन यांचे सहकारी केंट फोर्ड यांच्या, क्षीण प्रकाश वाढवणाऱ्या इमेज ट्यूबमुळे तेच काम काही तासांवर आलं. मग दोघांच्या हातून 1970 साली देवयानी आणि 1980 साली 21 सर्पिल दीर्घिका मोजून झाल्या. कडेला गेलं तरी वेग उतरत नाही, म्हणजे तिथे न दिसणारं वस्तुमान असावं, हे कळलं आणि कृष्णद्रव्याची चर्चा जोरात सुरू झाली.

हा भाग सगळे सांगतात. मला जास्त रस आहे तो पुढच्या वादात. तोवरच्या दीर्घिका बहुतांशी मोकळ्या आकाशातल्या होत्या. दाटीवाटीच्या समूहात राहणारी दीर्घिकाही तशीच फिरते का? 1988 मध्ये व्हिटमोर, फोर्ब्ज आणि रुबिन यांनी उत्तर दिलं, नाही. समूहाच्या मध्याजवळच्या सर्पिलांचा वेग कडेला उतरतो; शेजाऱ्यांच्या ओढीने त्यांचं कृष्णद्रव्याचं वलय ओरबाडलं गेलं असावं, किंवा ते पुरतं जमलंच नसावं. निष्कर्ष देखणा होता. पण 1993 मध्ये फिलिप आम्राम आणि सहकाऱ्यांनी एका फटीऐवजी अख्ख्या चकतीचा वेग-नकाशा काढला, तेव्हा तो फरक फिका पडला. 2001 पर्यंत समूहांतल्या पाचशेच्या आसपास सर्पिल दीर्घिका तपासून झाल्या. फरक क्षीणच निघाला.

म्हणजे शेजार निरुपद्रवी? मुळीच नाही. समूहातल्या तप्त वायूतून धावताना दीर्घिकेचा स्वतःचा वायू मागे खरवडला जातो, हे गन आणि गॉट यांनी 1972 मध्येच मांडलं होतं. तारे जागच्या जागी राहतात, वायू जातो. मग ज्या वायूवरून वेग मोजायचा, तोच कडेला शिल्लक नसतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने एरिडॅनस या छोट्या गटातल्या दीर्घिकांचा हायड्रोजन 21 सेंटिमीटरच्या लहरींवर तपासला, तोही या शोधाचाच भाग.

माझ्या मते रुबिन यांची खरी कमाई 1988 च्या त्या निष्कर्षानंतरची. 1992 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कन्या समूहातली एनजीसी 4550 दाखवली: एकाच चकतीतले निम्मे तारे उजवे, निम्मे डावे फिरतात! बाहेरून आलेला वायू उलट्या दिशेने स्थिरावला आणि त्यातून तारे घडले, हा तेव्हाचा अंदाज. 1999 मध्ये वॉटरमन आणि केनी यांच्यासह त्याच समूहातल्या 89 दीर्घिका तपासल्या, तर जवळपास निम्म्यांच्या गतीत काही ना काही बिघाड. सरासरी आलेख काढला असता, तर यातले बरेचसे बिघाड त्यात गुळगुळीत होऊन गेले असते.