देअरऑफ : वकिलांच्या आधीचं

सॉफ्टवेअर टाकताना आपण सगळेच डोळे झाकून 'आय अ‍ॅग्री' दाबतो. त्या मजकुरातले हिअरबाय, देअरऑफ, व्हेअरइन वकिलांनी भाव खायला शोधले असावेत असं वाटतं ना? मुळीच नाही! एकेकाळी ही साधी घरगुती इंग्रजी होती.

गंमत बघा. आपल्याकडे हा-तो-जो आणि इथे-तिथे-जिथे ही सख्खी भावंडं. इंग्रजीतही धिस, दॅट, व्हॉटच्या शेजारी हिअर, देअर, व्हेअर. शिवाय इकडे-तिकडे-कुणीकडेसाठी हिदर, दिदर, व्हिदर. आणि इथून-तिथून-कुठूनसाठी हेन्स, देन्स, व्हेन्स. अख्खी बाराखडीच की!

मग वस्तूबद्दल बोलताना 'ऑफ इट'ऐवजी देअरऑफ. सर्वनामाच्या खुर्चीत चक्क क्रियाविशेषण! जर्मन लोक आजही पेनाने लिहिताना 'त्याने' म्हणायला 'दामिट' म्हणतात. माणसासोबत जायचं असेल तर मात्र 'मिट इम'. १६११च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या आवृत्तीत 'इट्स' हा शब्दच नाही, तिथे 'हिज' नाहीतर देअरऑफ. पुढे इट्स रुळलं, देअरऑफ बोलण्यातून गेलं, कोर्टकचेरीत तेवढं उरलं. तिथून आपल्या धंद्यात. २००४चं अपाची लायसन्स २.० उघडा, आहेच.

तेव्हा मंडळी, नोकरीच्या करारात देअरऑफ दिसलं की विचारायचं, 'तिथे' म्हणजे नक्की कुठे? ऑफिसात लिहिलेल्या कोडचं, की त्याआधीच्या ओळीतल्या 'सर्व कल्पनांचं'? दुसरं असेल तर तुमचा शनिवार-रविवारचा प्रोजेक्टही त्यात जाऊ शकतो. मागे एकच नाम असेल तर ठीक. दोन असतील तर आधी एचआरला मेल, सही नंतर.