नोकरी देणारे घर

एका मध्यम शहरात कामगार पुरविण्याचा धंदा करणारे एक कुटुंब आहे. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. इस्पितळांना वॉर्डबॉय, कचेऱ्यांना झाडूवाल्या, गोदामांना पहारेकरी अशी माणसे हे घर पुरविते. वडील हिशेब पाहतात, थोरला मुलगा कंत्राटे मिळवीत हिंडतो, धाकटा हजेरी घेतो आणि गणवेशांचे खाते सूनबाई सांभाळतात. दारावर धंद्याची पाटी आहे. तिच्याच शेजारी जून महिन्यात गरीब विद्यार्थ्यांना मोफत वह्या मिळतील असा फलक लागतो आणि भाद्रपदात अन्नदानाचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वह्या वाटल्या जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

या घरच्या कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पगार मिळतो अशी तक्रार घेऊन काही बाया युनियनकडे आल्या. आम्ही अर्ज लिहावयास बसलो. त्यांतली सर्वांत वयस्क झाडूवाली म्हणाली, "दादा, अर्ज लिवा. पर म्हाताऱ्या शेठला वंगाळ लिवू नका. माझ्या नातीच्या आप्रेशनाला त्यानंच पैसं दिलं."

कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली. पण या वाक्याला द्यावयाचे उत्तर आम्हांजवळ तयार नव्हते. आमच्या आजोबांच्या तोंडून असेच बोलणे आम्ही लहानपणी शेकडो वेळा ऐकले होते. तेव्हा आजचा विषय वरवर नव्या काळचा दिसला, तरी त्याची मुळे शंभर-सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकापाशी आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली गिरणीची कंपनी उभारली आणि 1856 साली ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढल्या सत्तर वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करू लागली. इतकी माणसे आली कोठून, तर रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून, देशावरून, काही उत्तर हिंदुस्थानातून. पण ती आणली कोणी? मालकाने नव्हे, मॅनेजरनेही नव्हे. लँकेशायरहून आलेल्या साहेबाला किंवा पारशी मास्तराला कोकणातला गडी काय बोलतो हे पुष्कळदा कळतही नसे. शिवाय कापसाचा आणि सुताचा भाव आज चढे, उद्या पडे. मालकाला आज हजार हात हवे असत, महिन्याने आठशेच. यंत्रांची नोंद त्याने चोख ठेविली. माणसांची नोंद मात्र दुसऱ्याच्या डोक्यात राहू दिली. तो दुसरा म्हणजे जॉबर.

जॉबर हा स्वतः एके काळचा कामगारच. खात्यातली माणसे भरावयाची, नवख्याला काम शिकवावयाचे, कोणाला कोणता साचा द्यावयाचा हे ठरवावयाचे, रजा त्याने द्यावयाची, दंडाची शिफारस त्याचीच आणि घरी बसविण्याचा शब्दही त्याचाच. पहाटे भोंगा झाला की बदलीवाल्यांचा घोळका फाटकाशी उभा राही आणि जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत जाई. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायकांवर नायकीण असे. तिचा रुबाब जॉबरहून कमी नव्हता. या बोट दाखविण्याची किंमत म्हणजे दस्तुरी. नोकरी लागताना द्यावयाची, टिकावी म्हणून द्यावयाची, रजेवरून परतल्यावर पुन्हा द्यावयाची.

पण दस्तुरीवर थांबला तर जॉबर समजला नाही. आम्ही त्याला 'नोकरी देणारे घर' म्हणतो ते याचसाठी. गावाहून आलेल्या गड्याला नोकरीच्या आधी अंग टेकावयाला जागा लागे. ती जॉबरच्या ओळखीच्या खोलीत मिळे, जिथे दहा-पंधरा गाववाले पाळीपाळीने झोपत. जेवण एखाद्या खाणावळीत, आणि ती खाणावळ अनेकदा जॉबरच्या घरातलीच किंवा नात्यातली असे. धान्य त्याच्या ओळखीच्या वाण्याकडे उधार. कर्ज हवे तर तो स्वतः देई किंवा सावकाराकडे जामीन राही. बोट दाखविणारा एक जॉबर, पण त्यामागे भाऊ, मेहुणा, बायको, पुतण्या असे सारे घर धंद्यात असावयाचे. पगाराच्या दिवशी कामगाराच्या हातात रुपये पडत खरे. पण ते एका घराच्या एका खिशातून निघून त्याच घराच्या दुसऱ्या खिशात संध्याकाळपर्यंत परत जात. सगळेच जॉबर इतके पसरलेले नव्हते. पुष्कळ जण स्वतःच कर्जात असत. तथापि घडण ही अशी होती.

आमचे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. सन 1930 च्या सुमारास ते कोकणबोटीने मुंबईस आले, ते गावच्याच एका जॉबरचे नाव घेऊन. पहिल्या पगारातला निम्मा त्याला दिला. जेवण त्याच्या बायकोच्या खाणावळीत. तिसऱ्या वर्षी आजोबांना विषमज्वर झाला, तेव्हा त्याच बाईने त्यांना पेज भरवून जगविले आणि जॉबरने बोटीचे भाडे देऊन गावी धाडले. चार महिन्यांनी परत आले तर जागा राखून ठेविलेली! दस्तुरी मात्र पुन्हा घेतली.

आमच्या गावच्या देवळाकडे जाणारी चिऱ्यांची पाखाडी आहे. तिच्या पहिल्या पायरीवर या जॉबरचे नाव कोरले आहे. आजोबा त्या पायरीपाशी डोक्यावरची टोपी काढीत. "त्यान माजा हात धरलान म्हनून मी मुंबय बगितली," असे म्हणत. आमचे वडीलही गिरणीतच, पण त्यांची पिढी संपात मुरलेली. ते चिडून विचारीत, "पाखाडीचे पैसे कोणाचे? दर पगाराला प्रत्येक गाववाल्याकडून दोन आणे कापले ते कोणाचे?" आजोबा म्हणत, "पैशे आमचे. पन उभी कोनी केलान?" हा वाद आमच्या घरात तीस वर्षे चालला आणि मिटला नाही.

आम्ही पुढे वाचनालयात बसून जे वाचले त्यावरून आम्हांस वाटते की दोघेही अर्धे खरे बोलत होते. जॉबर तालमीला पैसे देई, गणपतीला वर्गणी जमवी, भजनी मंडळाला पेटी घेऊन देई, कोणी मेला तर लाकडांची सोय करी, कोणी पकडला गेला तर जामीन होई. हे ढोंग नव्हते. त्याच्या धंद्याला ते जरूर होते. त्याच्या वरचा मास्तर रोज सकाळी एकच प्रश्न विचारी: साचे चालू आहेत की बंद? हात कमी पडले तर जॉबराचीच जागा जाई. शेजारच्या खात्यात दुसरा जॉबर टपलेला असेच. तेव्हा माणसे आपल्याकडे राहावीत म्हणून त्यांच्या सुखदुःखात उभे राहणे त्याला भाग होते. संप झाला की मालक त्याला फोडावयास सांगे आणि चाळीतले लोक त्याच्या तोंडाकडे पाहत. कित्येक जॉबर अशा वेळी संपाच्या बाजूने उभे राहिले. कित्येकांनी रातोरात नवी माणसे आत घातली. चाळ आणि मास्तर या दोघांत कोण जड, यावर ते ठरे.

या दानधर्माला आणखी एक बाजू होती, आणि तिच्याविषयी आमचे आजोबा कधी बोलले नाहीत. जॉबर आपली माणसे भरी. आपली म्हणजे आपल्या गावची, नात्याची, जातीची. ज्याचा कोणी जॉबर नव्हता त्याला पाखाडीही नव्हती आणि फाटकही नव्हते. विणाई खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण असे सांगत की बाद झालेली कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो. विणाईतला पगार चांगला होता, ही गोष्ट सांगत नसत. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. तो मांडावा लागला, ही लाल बावट्यालाही लाजच होती. आम्ही त्याच बावट्याखाली वाढलो म्हणून हे बोलण्याचा आमचा हक्क आहे.

जॉबरशाहीला पहिला खरा धक्का त्याच संपाने दिला. संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियनने गिरणी-गिरणीत समित्या केल्या आणि दंड, बदली, कामावरून काढणे या गोष्टींत समितीचे सभासद थेट मॅनेजरकडे जाऊ लागले. जॉबरच्या मध्यस्थीवाचून साहेबाशी बोलता येते, हे कामगाराने प्रथम पाहिले. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सांगितले. कमिशनवर आपले ना. म. जोशी होते. 1934 साली सरकारी लेबर ऑफिसर आला, 1935 पासून मालकसंघाने बदलीवाल्यांना कार्डे देण्यास आरंभ केला आणि 1950 साली बदली कामगारांच्या नोंदणीची सरकारी योजना आली.

कागदावर जॉबर संपला. खात्यात तो पुष्कळ वर्षे उरला. कार्ड साहेबाने दिले तरी चांगला साचा कोण देणार? आणि युनियनने काय केले? आम्ही जॉबरच्या हातातली नोकरी काढून घेतली, हे योग्यच केले. पण त्याची खोली, खाणावळ, उधारी, आजारपणातली पेज यांकडे आमचे लक्ष फार थोडे गेले. पगारवाढीच्या मागणीत ते सारे येते अशी आमची समजूत होती. शिवाय भरतीच्या याद्यांवर जिथे युनियनचे वजन पडले तिथे आमच्यातल्याही काही जणांनी दस्तुरी घेतली. नाव 'वर्गणी' ठेविले, एवढाच फरक.

खाणावळीचा प्रश्न शेवटी हाती घेतला तो 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी. गिरणगावात घरोघरी डबे करणाऱ्या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी 1969 साली माथाडी कायदा झाला होता. टोळीवाल्या मुकादमाची जागा मंडळाने घेतली. मालकाने मजुरी मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती हमालाला द्यावयाची. तिच्याबरोबर भविष्य निर्वाह निधीही आला. मुकादमाच्या एका हाताऐवजी सगळ्या घरावर नजर ठेवून केलेला आमच्या माहितीतला हा पहिला कायदा. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांची हमालांमधली चळवळ होती.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि गिरणगाव मोडले. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही. आमची शाळा सुटली ती तेव्हाच. वयाच्या चौदाव्या वर्षी आम्हांला पहिले काम मिळाले ते एका कामगार पुरविणाऱ्याच्या शब्दावर, आणि पहिल्या पगारातला निम्मा त्याने घेतला. आजोबा तेव्हा हयात होते. ऐकून ते हसले, वडील हसले नाहीत.

आता त्या झाडूवालीच्या अर्जाकडे येतो. सुनावणी वर्षभर चालली. पगारातील फरक द्यावयाचा ठरला, त्या दिवशी म्हाताऱ्या शेठनी पिशवीतून एक वही काढली. नातीच्या ऑपरेशनचे पैसे तीत तारीखवार मांडलेले होते. ते या रकमेतून वळते करावेत, असे ते म्हणाले. आम्ही ताडकन उठलो. दान म्हणून दिलेले पैसे कर्ज कसे झाले, असे विचारले, आणि कायद्याने पगारातून असे कापता येत नाही हेही सांगितले. बाईने आमचा हात धरून खाली बसविले. "कापू नका, दादा. आधी माझं समदं माझ्या हातात द्या."

सगळी रक्कम तिने दोनदा मोजून घेतली. मग ऑपरेशनचे पैसे वेगळे काढून टेबलावर ठेवले आणि शेठना म्हणाली, "आता पावती लिवा." शेठ म्हणाले, पावतीची काय गरज आहे. ती जागची हलली नाही. अखेर त्यांनी स्वतःच्या हाताने पावती लिहून दिली. बाईला वाचता येत नव्हते. तिने ती आमच्याकडून दोनदा वाचून घेतली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.