अतिवास्तव चित्रपट, अपारंपरिक संगीतपट आणि रसिकांची चर्चा : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले आणि कन्या राधाबाई यांच्या नावावरून त्या परिसरास 'राधानगरी' हे नाव मिळाले. याच राजाने कोल्हापुरात १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले. पाणी आणि रंगभूमी या दोहोंची काळजी एकाच राज्यकर्त्याने वाहावी, ही बाब या परिसराच्या सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाची आहे. चित्रपट रसिकांच्या चर्चेत अतिवास्तववादी चित्रपट आणि रूढ साच्याबाहेरचा संगीतपट हे दोन विषय निघाले, की ते 'परदेशी' व 'शहरी' असल्याचे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पडदा, पद आणि चमत्कार :
आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श' नाटक मंडळीसाठी पडदे रंगविले. रंगविलेला राजवाडा खरा मानून त्यासमोर गाणाऱ्या नटाला दाद देणे, हा त्या काळच्या प्रेक्षकाचा नित्याचा अनुभव होता. प्रसंग थांबवून पद गायिले जाई आणि 'वन्समोअर' मिळाल्यास तेच पद पुन्हा होई. वास्तवाचा भास आणि त्याचा भंग हे दोन्ही तो प्रेक्षक एकाच वेळी स्वीकारीत असे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके परिणामकारक ठरले, की त्यास आक्षेप घेतला गेला.

१९२९ मध्ये पॅरिसमध्ये लुई बुन्युएल यांचा 'अन शिएँ आंदालू' हा अतिवास्तववादी लघुपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. या दोन घटनांत कार्यकारण संबंध नाही. तथापि तर्कापलीकडचे दृश्य पडद्यावर कसे आणावे, हा प्रश्न दोन्हीकडे होता. पॅरिसमध्ये त्याचे उत्तर स्वप्नात शोधले गेले, तर प्रभातने ते भक्तिपरंपरेत शोधले. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये शत्रूला चकविण्यासाठी एका शिवाजीचे अनेक शिवाजी होतात. अखेरीस तुकारामांना नेण्यासाठी विमान येते आणि आवली मात्र मुलाबाळांसाठी मागे राहते. चमत्कार आणि चूल एकाच चौकटीत नांदतात. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद अनेकांना खुद्द तुकारामांचेच वाटत असे, इतके ते कथेशी एकरूप झाले होते. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली.

संगीतपटाचे वेगळे वळण :
व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' (१९३७) मध्ये पार्श्वसंगीत वगळून नैसर्गिक ध्वनींवर भर देण्यात आला. संगीत नाटकाच्या संस्कारात वाढलेल्या दिग्दर्शकाने संगीताबाबत असा संयम पाळावा, हे धाडसच होते. पुढे फ्रान्समध्ये जाक देमी यांनी 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर' (१९६४) मध्ये सर्व संवाद गाण्यात बांधले. रसिक या प्रयोगाचे नावीन्य सांगतात; परंतु कीर्तन आणि गण-गवळण-वग यांचा श्रोता गाऊन सांगितलेल्या कथेला पूर्वीपासून सरावलेला आहे.

जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) मध्ये ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत ठाकर समाजाच्या कथेला पुढे नेतात. येथे गाणे म्हणजे विरंगुळा नसून तेच निवेदन होय. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यावरील चित्रपट 'युक्त' या सहकारी संस्थेने १९७६ मध्ये केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा व कमल स्वरूप यांचे सामूहिक दिग्दर्शन, दीर्घ अखंड चित्रण आणि इतिहासाची सरळ रेषा नाकारणारी मांडणी, यांमुळे तो कोणत्याच साच्यात बसला नाही. त्यांपैकी कमल स्वरूप यांचा 'ओम-दर-ब-दर' (१९८८) हा भारतीय अतिवास्तव चित्रपटाचे ठळक उदाहरण मानला जातो. त्यास चित्रपटगृहे मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तोवर रसिकांच्या चर्चेनेच तो जिवंत ठेवला.

चर्चेची परंपरा :
पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४), मुंबईचे प्रभात चित्र मंडळ (१९६८) आणि कोल्हापुरातील कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी यांसारख्या संस्थांनी या चर्चेला परिभाषा दिली. खेड्यातील प्रेक्षकाला असे चित्रपट कळणार नाहीत, या समजुतीला कर्नाटकातील हेग्गोडू येथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम' संस्थेने प्रत्यक्ष कृतीने उत्तर दिले. पश्चिम महाराष्ट्रात जत्रेतील तंबूच्या सिनेमाने ग्रामीण प्रेक्षक घडविला होताच. त्याच्यापुढे आशयघन चित्रपट ठेवून 'तुम्हाला काय दिसले?' असे विचारणाऱ्यांची उणीव होती. 'याचा अर्थ काय?' या प्रश्नापाशी अडखळणारी चर्चा 'काय दिसले, काय ऐकू आले?' या प्रश्नाने मोकळी होते, हा रसास्वाद चळवळीचा मोलाचा धडा होय.

समारोप :
महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. 'घाशीराम कोतवाल' बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने जपलेल्या प्रतीमुळे पुन्हा पाहता आला. पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. चित्रफीत परदेशात सापडू शकते, वास्तू पुन्हा बांधता येते. प्रेक्षकाची स्मृती मात्र त्याच्याबरोबरच संपते. आपल्याकडील चित्रपटेतिहास प्रामुख्याने निर्मात्यांचा आणि स्टुडिओंचा लिहिला गेला. पाहणाऱ्यांचा इतिहास लिहावयाचा असेल, तर राधानगरीसारख्या तालुक्यांतील वयोवृद्ध प्रेक्षकांच्या मुलाखती, तंबूच्या सिनेमाच्या आठवणी आणि जुनी हस्तपत्रके संकलित करणे अगत्याचे आहे. मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हे काम संयुक्तपणे हाती घेतल्यास, अतिवास्तव व अपारंपरिक चित्रपटांवरील आपली चर्चा उसन्या परिभाषेवर विसंबून राहणार नाही. तिला येथील मातीचा आधार लाभेल.